बर्नहॅमच्या रानातलं सोनं

साताऱ्याला परत आल्यापासून आमच्या भजनी मंडळातल्या बायका एकच विचारतात, "माई, लंडनला काय काय पाहिलंत?" मी आपली सांगते. राणीचा राजवाडा बाहेरून पाहिला. नदीकाठचं मोठं घड्याळ पाहिलं. मेणाचे पुतळे पाहिले, आणि तिथे दाराशी उभ्या असलेल्या जित्याजागत्या रखवालदाराला पुतळा समजून त्याच्या पितळी बटणाला हात लावला. तो "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला तशी माझी पाचावर धारण बसली. एवढं ऐकलं की बायका पोट धरून हसतात आणि टाळ घेऊन बसतात. मला ज्या दिवसाचं सांगायचं असतं तो राहूनच जातो. म्हणून आता लिहूनच काढते, म्हणजे मध्ये कोणी चहा टाकायला उठणार नाही.

माझी मुलगी शैला मेडनहेडला राहते. थेम्सच्या काठचं, लंडनपासून तासाभरावरचं गाव. जावई माधवराव हॉस्पिटलात सर्जन. माणूस सालस, कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. तीन महिने मी त्यांच्या घरी होते, त्यात त्यांची वाक्यं मोजायची म्हटली तर एका फुलपुडीत बसतील. शैला म्हणते, आधी हे असे नव्हते.

आधी म्हणजे कधी, ते सांगायला हवं. माधवरावांचे थोरले भाऊ श्रीधरराव स्टॅनमोरला असतात, तेही डॉक्टर. लग्नानंतर शैला आणि माधवराव त्यांच्याच घरी राहत होते. माधवरावांची एफआरसीएसची परीक्षा तोंडावर आली होती, आणि तेव्हाच अमरावतीहून फोन आला की आई अत्यवस्थ आहे. फोन घेतला श्रीधररावांनी. त्यांनी ठरवलं, माधवला आत्ता सांगायचं नाही. कॉन्फरन्सला जातो म्हणून ते निघाले ते थेट अमरावतीला गेले. आई गेली. सगळं करून ते परत आले आणि माधवरावांचा शेवटचा पेपर संपल्यावर त्यांनी त्यांना समोर बसवून सांगितलं.

आपल्याकडे हे घरोघरी चालतं. "परीक्षा होऊ दे, मग सांगू." आजोबा जातात, आजी जाते, पोराला गणिताचा पेपर झाल्यावर कळतं. कोणी वाईट बुद्धीने करत नाही. पण इथे आई गेली होती. माधवराव पास झाले, आठवड्याच्या आत बिऱ्हाड हलवलं, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलले नाहीत. दोन वर्षं झाली. घरात आईचा फोटोसुद्धा लावलेला नाही. आई शेवटी कशी होती, काय बोलली, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस, आणि त्याच्याशीच अबोला. आता बोला.

मी तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शैला स्वयंपाकघरात रडली. मी तिला म्हटलं, रडून काय होणार, बघू. बघू म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

सीमोल्लंघन

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस आला होता. आदल्या आठवड्यातच तो होऊन गेला, पण तिकडे सण वाराप्रमाणे नाही, सुट्टीप्रमाणे होतात. हॅरोच्या बाजूला एका जुन्या चॅपलचा हॉल गुजराती मंडळींनी देवासाठी घेतलाय, तिथे रविवारी दसऱ्याची पूजा होती. मला जायचं होतं. पण त्या देवळात श्रीधरराव दर रविवारी असतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी जावयांना सांगितलं, "माधवराव, दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. माझं व्हायचं राहिलंय. मला वेशीबाहेर न्या, झाडं दाखवा, देव दाखवा. एवढं केलंत की मी पुन्हा काही मागणार नाही."

सासूने मागितलं की आपल्याकडचा जावई नाही म्हणू शकत नाही. त्यांनी बराच वेळ पेपर वाचला, मग पेपराआडूनच म्हणाले, "जाऊ. आधी बर्नहॅमला पानं बघू. देवळात तीनला जाऊ, तेव्हा गर्दी नसते."

त्यांना कुठल्या गर्दीची भीती होती ते आम्हा दोघींना कळलं. श्रीधरराव दुपारची आरती आणि प्रसाद झाला की अडीचला घरी जातात. मी म्हटलं, तीन तर तीन.

रविवारी सकाळी डबा केला. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा. शैलाने मला माधवरावांचे रबरी गमबूट दिले, रानात चिखल असतो म्हणून. नऊवारी आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. आरशात पाहिलं तर झाशीच्या राणीने मासे धरायचा धंदा काढावा तशी दिसत होते. पण सांगते, चिखलात नऊवारीसारखं सोयीचं लुगडं नाही. पाचवारी नेसलेली शैला दहा पावलांत ओली झाली.

गाडी जाताना माधवराव चालवत होते. येताना शैला चालवणार होती. तिकडे ही एक गंमत आहे, बायको गाडी चालवते आणि नवरा शेजारी बसून डुलक्या घेतो, कोणाला त्यात काही वाटत नाही.

बर्नहॅम

आपल्याकडे पानं गळतात ती माघ-फाल्गुनात, आणि वाळून, करपून, कंटाळून गळतात. तिकडे गळायच्या आधी नटतात. बर्नहॅमला बीच नावाच्या झाडांचं मोठं रान आहे. बुंधे असे की तीन माणसांनी कवेत घ्यावेत, कित्येक आतून पोकळ, जुन्या काळी सरपणासाठी वरून तोडून तोडून त्यांच्या माना जाड झालेल्या. आणि वर पिवळी, तांबूस, लालसर पानं. चिंचेने घासलेला तांब्याचा हंडा उन्हात ठेवावा तसं ते सगळं रान लखलखत होतं. ऊन कोवळं होतं, वारा आला की पानं सावकाश खाली यायची. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं, आणि त्या शांततेत ते फार लांब गेलं.

मी पिशवी काढली आणि पानं वेचायला लागले. आपट्याचं पान जोडपान असतं, हे आपलं एकटं. पण रंग सोन्याचा. मी म्हटलं, ज्या गावी जावं तिथलं सोनं घ्यावं.

कुत्रा घेऊन फिरणारा एक म्हातारा इंग्रज थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग शैलाला त्याने अदबीने विचारलं की तुमच्या आईने ससे पाळलेत का. तिकडे म्हणे सशांच्या खुराड्यात घालायला लोक अशी पानं नेतात. शैलाने त्याला समजावलं की आज आमच्यात एकमेकांना सोन्याची पानं देतात, लहानांनी मोठ्यांना नमस्कार करायचा, रागलोभ विसरायचा. त्याने टोपी काढली, वाकला, आणि बराच वेळ शोधून एक डाग नसलेलं पान माझ्या हातात ठेवलं. मी त्याला मराठीतच म्हटलं, "सोन्यासारखे राहा." तो "सेम टू यू" म्हणाला. जाताना त्याने सांगितलं की त्याची बायको ही पानं फांदीसकट ग्लिसरिनमध्ये ठेवते, मग ती वर्षभर टिकतात. हे मी भजनी मंडळात सांगितलं, पण कोणी करून पाहिलेलं नाही.

एका पडलेल्या ओंडक्यावर सतरंजी घालून आम्ही जेवलो. माधवराव दोन दशम्या जास्त जेवले. पोट भरलं की पुरुषमाणूस जरा सैल होतो, म्हणून मी सहज विचारलं, "तुमच्याकडे आपटा कोण आणायचं?"

"दादा," ते म्हणाले. मग आपणहून सांगितलं की गावाबाहेर एक झाड होतं, त्याच्या फांदीला हात पुरेना म्हणून दादा त्यांना खांद्यावर घ्यायचा. आई दारात ओवाळायला ताम्हण घेऊन उभी असायची आणि पहिलं सोनं तिला. एवढं बोलून त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला. मी म्हटलं, चला, आजचा कोटा संपला.

पण संपला नव्हता. हातातल्या पानांचे देठ मोडत ते म्हणाले, "माई, तिचं शेवटचं मला काहीच माहीत नाही. ती दुखण्यात होती, की झोपेत गेली. मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना हे सगळं बसून सांगतो. माझ्याच आईचं मला माहीत नाही."

शैला खाली मान घालून डबा पुसत बसली, पुसलेला डबा पुन्हा पुसत.

मी म्हटलं, "ज्याला माहीत आहे त्याला विचारा."

त्यांनी सतरंजी झटकली, घड्याळात पाहिलं, दोन वाजले होते. आता निघू, म्हणाले.

हॉलमधला देव

देवळात पोचलो आणि पहिलाच घोटाळा झाला. हॉलच्या बाहेरच्या खोलीत चपलांच्या फळ्या होत्या, भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, आणि त्यात दोन वाजले होते. माधवरावांच्या मनगटावर तीन. चपलांपाशी बसलेल्या स्वेटरवाल्या गुजराती काकांनी हसत सांगितलं की काल रात्री देशभर घड्याळं तासभर मागे केली, दरवर्षी थंडी आली की करतात, आज सकाळपासून निम्मे लोक तासभर आधी येऊन बसलेत.

आपल्याकडे सूर्य उगवतो तेव्हा सहा वाजतात. तिकडे सरकार म्हणेल तेव्हा वाजतात. एवढी शिकलेली माणसं, दोघांनाही आदल्या दिवशी सुट्टी, रेडिओ लावायचा कंटाळा, आणि घरातली सगळी घड्याळं चुकीची. मी शैलाकडे पाहिलं. ती बुटाची नाडी सोडत होती, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. तिला ठाऊक होतं का हे मी तिला तेव्हा विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही.

माधवराव तिथेच थांबले. आत प्रसादाची रांग लागलेली दिसत होती. ते म्हणाले, मी गाडीत बसतो, तुम्ही जाऊन या.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं, "माधवराव, देवळाच्या दारापर्यंत येऊन प्रसाद न घेता परत फिरायचं नसतं. भावाशी बोलू नका, मी सांगणार नाही. पण देवाने तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यांनी बूट काढले.

हॉल लांबट, छत उंच, खिडक्यांना रंगीत काचा. पुढे एका टेबलावर लाल मखमल घालून त्यावर अंबेची तसबीर आणि राम-सीतेच्या लहान मूर्ती. स्वेटर घातलेल्या बायका, काहींच्या डोक्यावरून पदर. बऱ्याच जणी आफ्रिकेतून हाकलल्यामुळे इकडे आलेल्या, नेसत्या लुगड्यानिशी आल्या असं शैलाने सांगितलं, पण देव बरोबर आणले. उदबत्ती आणि लाकडी जमिनीच्या पॉलिशचा मिळून एक वास येत होता. मी हात जोडले आणि मला एकदम भरून आलं. परक्या गावात देव दिसला की तो आपल्या माहेरचा वाटतो.

मी पिशवीतली पानं काढून देवीपुढे ठेवली आणि शेजारच्या दोघी बायकांना दिली, "सोनं घ्या" म्हणून. त्यांच्यात ही चाल नाही. एकीने ते पान कपाळाला लावून देवापुढे वाहिलं, दुसरी बुचकळ्यात पडून खिशात ठेवू की नको करत राहिली. आणि तेवढ्यात एक तरतरीत बाई हातात सुपली आणि झाडू घेऊन आली, दारातून पालापाचोळा उडून आत आला असं समजून तिने माझं सगळं सोनं एका फटक्यात भरून नेलं. मी काही बोलायच्या आत ते केराच्या डब्यात गेलं. पिशवीच्या तळाशी मूठभर उरलं होतं, तेवढं मी पदराखाली धरलं.

रांग पुढे सरकत होती. टेबलामागे मोठं पातेलं, आणि सुटावर पांढरा एप्रन बांधून शिरा वाढत होते ते श्रीधरराव. केस पुष्कळ पिकले होते. शैलाच्या लग्नात पाहिलेले श्रीधरराव मला आठवत होते, हे त्यांचे वडील शोभले असते. मला त्यांनी ओळखलं, "या काकू" म्हणाले, शैलाला वाढलं, आणि पुढची प्लेट समोर आली तसा त्यांचा डाव हवेतच थांबला.

माधवरावही थांबले. मागे पंचवीस माणसं उभी. कोणाला काही माहीत नाही. श्रीधररावांनी शिरा वाढला. मग पातेल्याच्या कडेचा थोडा खरपूस झालेला खरवडून तो वरून घातला. शैला माझ्या कानाशी पुटपुटली की ह्यांना खरवड आवडते. माधवराव प्लेटकडे बघत होते. "पुढे" असं कोणीतरी मागून म्हणालं आणि रांग सरकली.

आम्ही भिंतीला टेकून खाल्लं. माधवरावांनी सगळा शिरा संपवला, खरवड शेवटी. मग माझ्यापुढे हात केला. मी पदराखालची पानं दिली. त्यांनी एक घेतलं, टेबलामागे जाऊन भावाच्या पायाशी वाकले, पान हातात दिलं, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले. श्रीधरराव एका हातात डाव आणि एका हातात पान घेऊन उभे.

मला वाटलं, संपलं. रीत पाळली, मनातलं तिथेच राहिलं. मला माझ्या जावयाचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि तितकीच कीवही.

आम्ही बाहेर आलो तर माधवराव गाडीजवळ नव्हते. हॉलच्या बाजूच्या भिंतीशी उभे होते. मागच्या दारातून श्रीधरराव आले, एप्रन तसाच अंगावर, थंडीत कोट न घेता. दोघांमध्ये चार हातांचं अंतर. मी आणि शैला जागच्या जागी थांबलो, पुढे जायला पाय उचलेना आणि मागे फिरायलाही.

माधवराव म्हणाले, "दादा, आईने माझं विचारलं होतं?"

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, नाही म्हणू दे. ती शुद्धीत नव्हती, एवढं म्हणू दे. खोटं असलं तरी चालेल. एवढा थोरला भाऊ, एवढा डॉक्टर, त्याला का माहीत नाही अशा वेळी काय सांगायचं.

श्रीधरराव म्हणाले, "रोज विचारायची. शुद्धीत होती शेवटपर्यंत. दाराकडे तोंड करून खाट लावायला सांगितली होती तिने."

माधवरावांनी भिंतीला पाठ लावली.

"मी तिला सांगितलं, तो निघालाय. विमानात बसलाय. उद्या पोचेल." श्रीधररावांचा आवाज फाटला. "तुझ्याशी खोटं बोललो तसा तिच्याशीही बोललो, माधव. तेही तुला माहीत असायला हवं."

शैलाने माझा दंड घट्ट धरला. रस्त्यावरून एक बस गेली.

"म्हणजे तिला वाटलं, मी येतोय," माधवराव म्हणाले.

"हो."

"तिला कळलंच नाही, मी आलो नाही ते."

"नाही. पहाटे गेली. तू सकाळी पोचशील म्हणाली होती."

माधवराव भिंतीला टेकून खाली बसले, त्या ओल्या फरशीवर, चांगल्या पँटसकट, आणि रडले. इतका मोठा सर्जन, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. श्रीधरराव त्यांच्याजवळ बसले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही, नुसते शेजारी बसून राहिले. मीही पदर डोळ्यांना लावला. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, शैलाच्या लग्नाला ती आजारपणामुळे आली नव्हती, पण त्या दिवशी मला माझी विहीण भेटली असंच वाटलं.

उठल्यावर माधवरावांनी शैलाकडे गाडीची किल्ली दिली. म्हणाले, "मी दादाच्या गाडीतून येतो. तुम्ही मागून स्टॅनमोरला या. त्याला अजून सगळं सांगायचंय, पहिल्या दिवसापासून."

देवळातली आवराआवर होईपर्यंत साडेचार वाजले, मग आम्ही मागून निघालो. घड्याळं मागे केल्यामुळे अंधार लवकर पडत होता, रस्त्यातले दिवे लागले होते, कडेच्या झाडांची पानं गाड्यांच्या उजेडात खाली येत होती. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. थोरलं डोकं बोलत होतं, मधूनच एक हात वर व्हायचा आणि काही दाखवायचा. धाकटं एकदाही हललं नाही.

एका चौकात सिग्नल लाल होता. आम्ही त्यांच्या मागे थांबलो. सिग्नल हिरवा झाला. श्रीधररावांची गाडी हलली नाही. त्यांचं डोकं माधवरावांकडे वळलेलं होतं, आणि ते सांगत होते. आमच्या मागे आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. शैलाने हॉर्नवर हात ठेवला नाही. दिवा पुन्हा लाल झाला, आणि आम्ही सगळे तिथेच थांबून राहिलो.